हँडलची वेसण

नव्या गाडीनं पहिल्याच आठवड्यात मला तीनदा आपटलं. एकदा कॅनॉलच्या भरावावर, एकदा शेजाऱ्याच्या नांगरटीत, आणि एकदा चक्क पेट्रोल पंपासमोर, जागच्या जागी. ऑफ-रोड, म्हणजे खडकाळ वाटेवर चालवायच्या मोटरसायकलची सीट एवढी उंच, की माझे जेमतेम चवडे टेकतात. एका अंगाला कलली की कलली. तिसऱ्यांदा पडले तेव्हा उठले आणि तिच्या टाकीवर दोन लाथा घातल्या. पंपावरचा माणूस हसला. त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण तेव्हापासून तो माझ्या गाडीत पेट्रोल भरताना मान वर करत नाही.

मी तापट आहे. हे मीच सांगून टाकते, कारण नाहीतर दुसरे सांगतातच. घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याच्या वकिलानं जे म्हणणं दिलंय, त्यात ‘अर्जदार ही तापट व मारकुट्या स्वभावाची आहे’ असं एक वाक्य आहे. ते वाचून मला राग आला नाही, ते खरंच होतं. राग आला पुढच्या वाक्याचा. अर्जदाराचा उजवा हात स्कूटरवरून पडून मोडला, नवऱ्यानं मोडला ही तिची बनवाबनवी आहे, असं ते वाक्य होतं.

आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. स्कूटरवरून पडले असं दवाखान्यात मीच सांगितलं होतं. कागदावर तसंच आहे, माझ्या तोंडचं.

मी जनावरांची डॉक्टर. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा, आत वासरू कसं अडकलंय ते बोटांनी बघायचं, पाय सरळ करायचे आणि ओढून काढायचं, हे माझं काम. नवऱ्याला त्याची किळस. एके दुपारी त्याला जेवायला वाढत होते. ह्याच हातानं गाईचं काढतेस आणि ह्याच हातानं मला वाढतेस, असं म्हणाला. मी म्हणाले, साबणानं दोनदा धुतलाय, तुझ्या तोंडापेक्षा स्वच्छ आहे. त्यानं ताट भिरकावलं. मी हातातली पळी त्याच्या कानशिलावर हाणली. मग त्यानं माझा उजवा हात धरला, पाठीमागं नेला आणि ओला टॉवेल पिळतात तसा पिळला. कडकन आवाज झाला. मी बेशुद्ध पडले असते तर बरं झालं असतं. सगळं लख्ख आठवतं. दवाखान्यात तो माझ्या शेजारीच उभा होता, माझी पर्स धरून. डॉक्टरांनी विचारलं काय झालं, आणि मी म्हणाले, पडले. का म्हणाले? लाज वाटली म्हणून. रोज बैलांना आवरणारी बाई घरात मार खाते हे सांगायची लाज.

सूज उतरल्यावर प्लास्टर घालू म्हणाले, म्हणून हात नुसता गळ्यात झोळीत बांधून मी माहेरी घोडेगावला आले. आई लग्नाआधीच गेलेली, घरात आबा एकटे. आठव्या दिवशी आबांनी मला पिकअपमध्ये बसवलं आणि परत नेऊन घातलं. सोबत नारळ, पेढे. पुढं चौदा महिने मी तिथं काढले आणि मग एक दिवस बॅग भरून आपली आपण निघून आले. दावा टाकला. वकीलबाई पहिल्या दिवसापासून एकच विचारत होत्या, साक्षीदार कोण आहे. घरात आम्ही दोघंच होतो. पण मोडलेला हात घेऊन मी ज्यांच्या दारात उतरले ते आबा होते. हात त्यांनी पाहिला होता, त्याला हात लावला होता. त्यांनी उभं राहून सांगितलं तर माझ्या बोलण्याला काहीतरी टेकू मिळणार होता. नाहीतर मी खोटारडी ठरणार होते, आणि वर मारकुटी.

आबांना विचारलं की एकच उत्तर. मी काय डोळ्यानं बघितलं? तू पडले म्हनलीस, मी पडली धरली. कोर्टाची पायरी चढून घराची अब्रू घालवू का? असं म्हणून ते उठून गोठ्यात जायचे. मी मागून शिव्या द्यायचे. दोन वर्षं आमच्या घरात हेच चाललं होतं.

तर गाडी. मोडलेल्या हाताच्या मनगटात नंतर ऑपरेशन करून बसवलेली प्लेट आणि सहा स्क्रू. हाडाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की हा हात पुन्हा मोडला तर गाईच्या पोटात जाईल हे विसरा. आणि माझी निम्मी जनावरं पाथर्डीच्या डोंगरातल्या वस्त्यांवर. दिवाळी झाली की तिथली धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात, मागं म्हातारी माणसं आणि दुभती गाय राहते. गाय अडली तर म्हातारी फोन करते आणि मी नाही पोचले तर कुणीच पोचत नाही. रस्ता म्हणजे मुरूम, सुटे दगड आणि ओढे. तिथं स्कूटरनं एक फेरी केली की संध्याकाळी मनगट लाकडासारखं व्हायचं.

म्हणून नगरला शोरूममध्ये गेले. तिथला पोरगेलासा सेल्समन मला रंग दाखवत होता, गाडी मोबाईलला कशी जोडायची ते दाखवत होता. मी विचारलं, दगडावरून गेल्यावर हँडलचा हिसका मनगटात किती येतो? त्याला काही सांगता येईना. मागून हात पुसत त्यांचा मेकॅनिक आला, पन्नाशीचा, मितभाषी. त्यानं माझं मनगट बघितलं आणि मला सरळ मागच्या अंगणात नेलं. एका विटेवरून त्यानं गाडी ढकलत नेली आणि मला हँडलवर हात ठेवायला लावले. एक वीट, मग दोन विटा, मग तिरपा दगड.

नव्या मॉडेलांमध्ये काय काय बदललंय ते त्यानं मला असं विटा मांडून शिकवलं. पुढचं चाक एकवीस इंची, त्यामुळं दगडाला अडत नाही, वर चढतं. पुढचे शॉकअप हातभर लांब, खड्डा पिऊन टाकतात. हँडल रुंद, त्यामुळं थोड्या जोरात वळतं. मागच्या चाकाचं, ब्रेक दाबला तरी चाक फिरतं ठेवणारं एबीएस बटणावर बंद होतं, मुरमाच्या उतारावर ते चालू ठेवलं तर गाडी थांबतच नाही. हे सगळं असूनही तिरप्या दगडावर हँडल फाडकन फिरायचंच, आणि तो झटका थेट माझ्या स्क्रूंमध्ये. मी ओरडले. तेव्हा त्यानं कपाटातून वीतभर लांबीचं एक नळकांडं काढलं आणि हँडलच्या खाली बसवलं. त्याला स्टिअरिंग डॅम्पर म्हणतात. आत तेल असतं. आपण हँडल सावकाश फिरवलं तर तेल वाट देतं, चाकानं एकदम झटका मारला तर तेल अडून बसतं आणि झटका तिथंच जिरतो. वर एक नॉब, त्याला वीस खटके. जितके खटके पुढं, तितकं हँडल जड.

“तुमच्या रस्त्याला सहा खटके,” तो म्हणाला. “त्याच्या पुढं न्यायचा नाही. जास्त आवळला तर झटका येणार नाही, पण हँडल तुमचंही ऐकणार नाही.”

हाताचं भागलं, पण डोकं तेच होतं. ही गाडी उभं राहून चालवायची असते. पायांवर वजन, गुडघ्यांत टाकी, कोपरं बाहेर, आणि हँडल घट्ट पकडायचं नाही, नुसते हात ठेवायचे. मुरमात पुढचं चाक वळवळतं. त्याला वळवळू द्यायचं. गाडी चालती असली की ते आपली वाट काढतं. मेकॅनिकनं हे दहा वेळा सांगितलं आणि दहाही वेळा मी चाक वळवळलं की मुठी आवळल्या आणि पडले. पालथ्या घड्यावर पाणी. दोष माझा एकटीचा नाही. मी गुरांच्या दलालाची मुलगी. सात वर्षांची असताना आबांनी भर बाजारात माझ्या हातात एका खोंडाचा कासरा दिला होता. खोंड उधळला. त्यानं मला दगडागोट्यांतून फरफटत नेलं, गुडघे सोलून निघाले, पण मी कासरा सोडला नाही. आबांनी त्या दिवशी मला जिलेबी घेतली. त्याच्या आधी एकदा सोडला होता, तेव्हा त्याच कासऱ्यानं पाठ फोडली होती. हातातलं सोडायचं नाही, हे आमच्या घरात जेवणाआधी शिकवतात.

आबांना गाडी आवडली नव्हती. ढांगुळी, मारक्या म्हशीसारखी, तोंडावरनंच बेइमान दिसते, असं म्हणायचे. पण डॅम्पर त्यांना आवडला. मी त्यांना नॉब फिरवून दाखवला, एक खटका, दोन खटके, हँडल कसं जड होत जातं ते. त्यांचा चेहरा उजळला. म्हंजी ही येसणच की, म्हणाले. मग येवढी ढिली का ठेवलीस? मी सांगितलं, सहाच ठेवायची असते. मोकळं हँडल म्हंजी मोकळं जनावर, असं पुटपुटत ते नळकांड्याकडं बघत राहिले.

त्या दिवशी सकाळी फोन आला. पाथर्डीच्या वरच्या वस्तीवर गाय पहाटेपासून अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर. घरात म्हातारी आणि तिची सून, सून बाळंतीण म्हणून ऊसतोडीला न गेलेली. मी आत जाऊन बॅग भरली, दोऱ्या, औषधं, लांब हातमोजे. बाहेर आले तर आबा पटका बांधून, दलालाची आखूड काठी काखेत मारून गाडीशेजारी उभे. म्हणाले, मी बी येतो, त्या वस्तीवर एक कालवड बघायची हाय. मला कळत होतं की कालवड-बिलवड काही नाही. आदल्या आठवड्यातच मी कोपर सोलून आले होते. म्हातारा घाबरला होता आणि तसं म्हणत नव्हता. मी म्हणाले, बसा.

डांबरी रस्त्यावर गाडी अशी सरळ चालली की मला बरं वाटलं. हँडल जरा जड लागत होतं, पण मागं माणूस आहे, असेल, म्हटलं. घाईत होते. गाडी नेते तिकडं चालले होते.

डांबर संपलं आणि चढ लागला. आबा मागं बसल्यानं पुढचं चाक आधीच हलकं झालेलं. पहिल्या वळणावर मी हँडल डावीकडं घेतलं आणि ते आलंच नाही. म्हणजे आलं, पण एवढं सावकाश, की तोवर वळण संपत आलं. कसंबसं निभावलं. दुसऱ्या वळणाला एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दगडांनी भरलेला चर. वेग कमी केला. कमी वेगात गाडी तोलायला हँडल सारखं इकडं-तिकडं, थोडं-थोडं करावं लागतं, आणि हँडल चिखलात रुतल्यासारखं. चाक एका दगडावरून चराकडं घसरलं. मी सगळा जीव लावून हँडल ओढलं. मागून आबांनी माझे खांदे आवळले. आणि आम्ही तिघं, गाडी धरून, चरात गेलो.

हेल्मेट दगडावर असं आदळलं की डोळ्यांपुढं पांढरं झालं. गाडी माझ्या पायावर, इंजिन किंचाळतंय, मागचं चाक जमिनीला घासत गरगर फिरतंय आणि मुरूम माझ्या तोंडावर मारतंय. मी खाली टेकवायला उजवाच हात पुढं केला होता. शिकवलेलं सगळं विसरून. मनगटातून खांद्यापर्यंत कळ गेली. डाव्या हातानं इंजिन बंद केलं. मग उजव्या हाताकडं बघितलं आणि एकेक बोट हलवून पाहिलं. अंगठा हलला. पहिलं बोट हललं. करंगळीही हलली. मनगट भरभर सुजत चाललं होतं.

आबा माझ्या आधी उठले. पटका सुटलेला, गुडघ्यातून रक्त, धोतर फाटलेलं. त्यांनी माझा हात बघितला. काठी शोधली, आणि गाडीला मारायला सुरुवात केली.

बाहेरच्याला हे वेडेपण वाटेल. आमच्याकडं नेम आहे: जनावरानं धनी पाडला की तिथल्या तिथं, पाडल्या जागीच हाणायचं. घरी नेऊन हाणलं तर त्याला कशाचं मारतात ते कळत नाही, आणि हाणलंच नाही तर ते सवयीला लागतं. आबांनी तोच नेम पाळला. पहिल्या फटक्यात हेडलाईट फुटला. मग आरसा. मग इंडिकेटर. प्रत्येक फटक्याला ते हुंकार देत होते आणि तोंडातून फेस येत होता. पाडतीस व्हय, पोरीला पाडतीस, असं म्हणत सीटवर, टाकीवर, काठी तडतडत होती. वर दरडीवर एक मेंढपाळ मेंढरं घेऊन उभा होता. तो टक लावून बघत होता, आणि मेंढरंही.

मी ओरडले, थांबा. थांबले नाहीत. मी रांगत गाडीपाशी गेले, हँडलला धरून उठले, आणि नॉब दिसला. बाण टोकाला होता. मी मोजून मागं फिरवला. चौदा खटके फिरवल्यावर माझ्या नेहमीच्या जागी आला. सहावर ठेवलेला नॉब कुणीतरी विसावर नेला होता, आणि घरात आम्ही दोघंच होतो.

“आबा, हे कुणी आवळलं?”

काठी वरच्या वर थांबली. तू आत बॅग भरत हुतीस तवा, म्हणाले. हिसका बसू नये म्हणून आवळलं, म्हणाले. मला हसू आलं असतं, एवढं खरं ते बोलत होते. वेसण आवळली की जनावर हाती राहतं, ह्यापलीकडं त्यांना आयुष्यात काही शिकवलेलंच नव्हतं. मी त्यांना माफ करायच्या बेतात होते. तेवढ्यात ते पुढचं बोलले.

“आधीच त्यानं पिळून मोडल्याला हात तुजा. आनखी किती सोसंल त्यो?”

डोंगर, मेंढरं, फुटलेली काच, सगळं जागच्या जागी राहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं हा माणूस माझ्या समोर बसून म्हणत होता, तू पडलीस, मी पडली धरली. मी विचारलं, कधीपासून माहीत आहे? म्हणाले, पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझा हात हातात घेतला तेव्हाच. बांधायच्या दोरीत अडकून पिळलेले बैलांचे पाय त्यांनी उभ्या जन्मात शेकड्यानं पाहिले होते. पडून मोडलेलं हाड निराळं दिसतं, पिळून मोडलेलं निराळं. आणि दंडावर नवऱ्याची चार बोटं उमटली होती, तीही त्यांनी पाहिली होती.

पहिल्या दिवशी कळलं. आणि आठव्या दिवशी पिकअप.

मी त्यांच्या हातातली काठी हिसकावली आणि त्यांना मारलं. डाव्या हातानं मारलं, उजवा उचलत नव्हता. पहिला फटका दंडावर बसला, दुसरा खांद्यावर, तिसरा पुन्हा दंडावर, आणि काठी मोडली. बापाला मारलं. त्यांनी अंग चोरलं नाही, की हात आडवा धरला नाही. गावच्या बाजारात ज्याच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, तो माणूस डोळे मिटून उभा राहिला. मी मोडकी काठी चरात फेकली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“मी त्याला माराया पायजे हुतं,” म्हणाले. “माजी छाती न्हाई झाली.”

“मारायला कुणी सांगितलं होतं? पिकअपचं स्टिअरिंग तुमच्या हातात होतं, आबा. मागं वळवायचं होतं फक्त.”

वर गाय अडलेली होती. गाडी उचलायला मी त्यांना हात लावू दिला नाही. मेंढपाळ खाली आला, त्यानं आणि मी मिळून ती रस्त्यावर आणली. नॉब सहावर होता. हेडलाईट नव्हता, पण दिवस होता. उजवं मनगट एवढं सुजलं होतं की मूठच वळत नव्हती, त्यामुळं हँडल घट्ट धरायचा प्रश्नच आला नाही. तळहातानं थ्रॉटल ढकलत, उभी राहून, गुडघ्यांत टाकी धरून मी एकटीच तो सगळा चढ चढले. चाक वळवळत होतं. मी त्याला वळवळू दिलं. पडले नाही.

वस्तीवर डाव्या हातानं काम केलं. वासरू मेलेलं होतं. गाय वाचली. म्हातारीनं माझ्या सुजलेल्या हाताला हळद लावली, कशानं झालं ते विचारलं नाही. येताना आबा वाटेत दिसले नाहीत. उतरून, चालत खालच्या फाट्यापर्यंत जाऊन ते एसटीनं घरी पोचले होते. नगरला एक्स-रे काढला. प्लेट जागेवर होती, हाड धड होतं. महिनाभर हात बांधून ठेवा, डॉक्टर म्हणाले.

त्या महिन्यात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ते भाकरी टाकायचे, कारण मला थापता येत नव्हत्या. ताट माझ्यासमोर ठेवायचे आणि गोठ्यात जायचे. त्यांचा दंड काळानिळा झालेला मला दिसायचा आणि मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतंय ह्याचाही राग यायचा. एक दिवस ताट ठेवल्यावर ते गेले नाहीत. तुज्या वकिलीणबाईला भेटायचं हाय, म्हणाले.

वकीलबाईंनी त्यांना नीट समजावलं. हाडाचं शास्त्र सांगायचं नाही, तुम्ही डॉक्टर नाही. काय पाहिलं आणि काय केलं तेवढंच सांगा. आणि एक गोष्ट त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितली. डॉक्टरबाईनं बापाला डोंगरात काठीनं बडवलं, ही बातमी मेंढपाळाच्या तोंडून पाथर्डीच्या बाजारात आणि तिथून समोरच्या वकिलापर्यंत पोचली होती. ते विचारणार. आबांनी नाही म्हणायला हवं. नाहीतर ‘मारकुट्या स्वभावाची’ हे माझ्या बापाच्याच तोंडून सिद्ध होतं, आणि हात कुणी मोडला ते बाजूला राहतं. मी तसं आबांना सांगितलं; त्यांनी ऐकून घेतलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

कोर्टात त्यांनी धुतलेला पटका बांधला होता. पिंजऱ्यात उभे राहिले आणि दंडावरची बोटं सांगितली, किती होती, कुठं होती. सुजलेला हात कसा दिसत होता ते सांगितलं. मग कुणी न विचारता सांगितलं की हे सगळं दिसत असून मी तिला परत नेऊन घातली. मी मागच्या बाकावर बसले होते. नवरा पुढच्या बाकावर, मला त्याची मान दिसत होती.

समोरचे वकील उठले. सावकाश, गोड आवाजात त्यांनी विचारलं की तुमच्या मुलीनं तुम्हालाही काठीनं मारलं, हे खरं आहे का. आमच्या वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता नाही म्हणतील, आणि माझ्या मनात आलं की म्हणू देत, एकदा माझ्यासाठी खोटं बोलू देत.

“व्हय साहेब, मारलं,” आबा म्हणाले. “लई उशिरा मारलं. मी तिला परत घिऊन चाललो हुतो, तवाच माराया पायजे हुतं. पन तवा तिचा हात गळ्यात बांधल्याला हुता.”

न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, जसं बोलले तसंच घ्या.